उतारावरची घुंगरं

दुपारी डोळा लागता लागता मला अजूनही कधी कधी ती घुंगरं ऐकू येतात. आधी खूप लांब, डोंगराच्या पोटात कुठंतरी. मग वळणापाशी. मग सातविणीखाली. मी अंथरुणातल्या अंथरुणात पाय आखडून घेते, रस्त्याच्या कडेला उभी असल्यासारखी. शेजारी अभ्यास करणारी नात हसते.

"आजी, झोपेत कुठं निघालीस?"

"कुठं नाही गं. एक गाडी जाऊ देतेय."

ती गाडी जाऊन आता चाळीस वर्षं होतील. त्र्याऐंशी साल असेल. मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याशी तेव्हा विद्यापीठाचं एक नवं आवार वसत होतं. इमारती थोड्या, गवत फार. सकाळी खिडकी उघडली की डोंगर इतका जवळ यायचा की वाटे, हात लांबवला तर ओलं लागेल. आवाराच्या बरोबर मधून एक रस्ता वर जात होता, आवाराहूनही जुना. वर खडीची खाण होती. दुपारी तिथं सुरुंग उडाला की ग्रंथालयाच्या तावदानांना शहारा येई आणि वाचणारे सगळे एकदम पान उलटत. पाऊस सरला की खाणीची धूळ खाली येऊन बसे. रस्त्यावर, कठड्यांवर, झाडांच्या पानांवर. ऊन पडलं की सगळं आवार पिठाच्या गिरणीतून बाहेर आल्यासारखं दिसायचं. त्या पांढुरक्या उजेडात माणसं लांबून चालत येताना तरंगल्यासारखी वाटत.

रस्त्याच्या डोंगराकडच्या अंगाला आमचं मुलींचं वसतिगृह होतं. पलीकडे वर्ग, ग्रंथालय, चहाची टपरी, म्हणजे सगळं जग.

मी तिथं आले ते संपामुळे. बाबांची गिरणी बंद पडली ती पुन्हा उघडलीच नाही. लालबागची खोली मोठ्या भावाच्या हवाली करून ते आईसोबत कणकवलीकडे गावी गेले. भावाच्या संसारात माझ्या पुस्तकांना जागा नव्हती, म्हणून मी वसतिगृहात नाव घातलं. ट्रंक घेऊन खोलीच्या दारात उभी राहिले तर खिडकीपाशी एक मुलगी बसलेली, तोंड डोंगराकडे. वळलीच नाही.

"ये ना आत. चपला नव्या घेतल्यास वाटतं. करकरतायत."

ती जयंती. लहानपणी गोवराच्या तापात तिचे डोळे गेले होते. घर चेंबूरला, वडील माणिकराव तिथल्याच एका कारखान्यात टाइमकीपर. एम.ए.ला इतिहास, माझ्याच वर्गात. पहिल्या आठवड्यातच तिनं मला सांगून टाकलं, "हे बघ मालन, वाचून दाखव, चहा पाज, माझ्या वेण्या घाल. पण रस्त्यात माझा हात धरायचा नाही."

"का गं?"

"आज तू धरशील. उद्या तुझं लग्न होईल. मग मी काय तुझ्या सासरी येऊ हात धरून?"

"ये की. सासू तरी घाबरेल."

ती खळखळून हसली. पण हात धरू दिला नाही तो नाहीच.

ती रस्ता कानांनी ओलांडायची. सातविणीचं एक मोठं झाड होतं कडेला, त्याच्या बुंध्याला पाठ टेकून उभी राहायची, मान थोडी कलती. मी बाजूला गप्प. तिच्याबरोबर उभं राहून मलाही हळूहळू ऐकू यायला लागलं होतं. रिकामा ट्रक वर चढताना सगळ्या अंगानं खडखडत येतो. स्कूटर खाकरते. प्राध्यापकांची सायकल किणकिणते. मग कधीतरी सगळं थांबून नुसतं गवत ऐकू यायचं आणि त्या गवताच्या आवाजातून जयंती चालत पलीकडे जायची. मला ते बघताना दरवेळी स्वप्नात असल्यासारखं वाटे. एवढा गोंगाट एका माणसासाठी बाजूला होतो, असं.

भाद्रपदाच्या सुरुवातीलाच पाऊस उघडला. धूळ पुन्हा रस्त्यावर बसली. एके सकाळी एक रिकामा ट्रक खडखडत वर गेला. तो गेल्यावर जयंतीनं काठी पुढं टाकली आणि ती रस्त्यात उतरली. मी मागं चपलेचा अंगठा नीट करत वाकले होते. वर पाहिलं तर वळणावरून दुसरा ट्रक खाली येत होता. खडीनं काठोकाठ भरलेला. त्याला आवाजच नव्हता. खरंच सांगते, एवढा मोठा डोंगर खाली घसरत येत होता आणि कापसावरून आल्यासारखा येत होता.

मी ओरडले. ड्रायव्हरनं गाडी झाडाकडे वळवली. सातविणीची साल खरवडून निघाली, खडीचा ढीग रस्त्यावर सांडला, आणि जयंती धुळीत बसलेली. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. काठी मात्र चाकाखाली जाऊन तिचे तुकडे झाले होते.

ड्रायव्हर खाली उतरला. तिशीचा असेल, काटक. गाडीचं दार त्यानं तसंच उघडं टाकलं होतं. भीमराज त्याचं नाव, बीडकडचा.

आमचा पहारेकरी काशीराम धावत आला आणि त्याच्यावर तुटून पडला. "डोळे फुटले काय रे तुझे?"

"डोळे हैत माझे. ह्या ताईला दिसत नाही, ते मला काय ठाव?"

जयंती कपडे झटकत उठली. "तुमची गाडी वाजत का नाही हो?"

"भरलेली गाडी कुठं वाजती, ताई? रिकामी खडखडती. अन् उताराला आम्ही इंजिन बंदच करतो. न्यूट्रलवर सोडून द्यायची. मालक डिझेल मापून देतो."

"मग हॉर्न?"

भीमराजनं बोट केलं. ग्रंथालयाच्या कोपऱ्यावर विद्यापीठानंच लावलेला बोर्ड होता. शांतता राखा, हॉर्न वाजवू नका. "मागल्या महिन्यात वाजवला तर ह्याच मामानं गाडी अडवली माझी."

काशीराम शिट्टीशी चाळा करत दुसरीकडे बघायला लागला.

पुढं सगळं नेहमी होतं तसंच झालं. समिती बसली. समितीनं रस्त्यावर पांढरे पट्टे मारायचं ठरवलं आणि चार दिवसांत ते मारलेही. विद्यापीठ इतक्या लवकर हललेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. सातविणीपासून ग्रंथालयाच्या दारापर्यंत झकास, टकटकीत पट्टे. प्राध्यापक, मुलं, सगळे बघायला जमले. कोणीतरी जयंतीला म्हणालं, "बघ, तुझ्यासाठी केलेत."

"छान झालेत म्हणे," जयंती म्हणाली. "कुठं आहेत?"

 मग तीच हसली, म्हणून आम्हाला हसता आलं. पट्टे आठवडाभरात धुळीनं झाकले आणि रस्ता पुन्हा होता तसा झाला. खडीचे ट्रक त्यावरून तसेच मुके घरंगळत राहिले.

आमच्या रेक्टर वनमालाबाई मनानं वाईट नव्हत्या, पण धास्तावलेल्या होत्या. त्यांनी माणिकरावांना बोलावून घेतलं. मी रेक्टरच्या खोलीत चहा घेऊन गेले तेव्हा ते खुर्चीच्या काठावर बसले होते, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर छत्री.

"मला ही जबाबदारी झेपायची नाही," वनमालाबाई म्हणाल्या. "सोबतीशिवाय ती जात नाही, असं लिहून द्या. नाहीतर घरून येऊन-जाऊन करा."

"चेंबूरहून रोज इथं? कसं जमेल, बाई?" माणिकराव म्हणाले. मग जयंतीकडे वळून, "जयू, बी.ए. झालीस. पुष्कळ झालं. घरी चल आता."

"बाबा, मी पडले ती आंधळी म्हणून नाही. गाडी मुकी होती म्हणून."

"गाडी काय बोलायला लागणार आहे?"

"बोलली तर?"

माणिकरावांनी छत्रीची मूठ दोनदा फिरवली. चांगले गृहस्थ होते, मुलीशी वाद घालण्यापेक्षा तिला हरू द्यावं अशा विचाराचे. म्हणाले, "दिवाळीची सुट्टी लागेल तेव्हा मी न्यायला येईन. माझ्यासमोर एकटी ओलांड. माझा जीव भांड्यात पडला तर तू इथं राहा. नाहीतर ट्रंक घेऊनच निघायचं."

"चालेल," जयंती म्हणाली. इतक्या पटकन की मलाच धडकी भरली.

त्यानंतरचे दिवस मला धुक्यातून आठवतात. ती खिडकीशी बसून राही. मी वर्गातलं वाचून दाखवी आणि ती मध्येच म्हणे, "थांब जरा," आणि कान उताराकडे. भरलेले ट्रक जात ते तिला कधी कळत, कधी नाही. कळलं नाही की ती ओठ चावायची. बाहेर सातवीण फुलायला लागली होती. त्या फुलांचा वास गोड असतो पण माणसाला गुंगी आणतो, सगळं वसतिगृह अर्धवट झोपेत वावरत असल्यासारखं झालं होतं.

मग एका सकाळी रॉकेलची गाडी आली. तेव्हा उपनगरात रॉकेल बैलगाडीवरच्या टाकीतून येई. आम्ही दोघी डबा घेऊन खाली उतरत होतो, आणि जिन्यात जयंती एकदम थांबली.

"मालन, बैल किती लांब आहेत गं?"

"फाटकाशी."

"आणि आता?"

"वळले."

"आता थांबले ना? आता एकानं मान हलवली." तिचा चेहरा असा उजळला की मी डबा खाली ठेवला. "ही गाडी किती अवजड असेल! पण मला तिची कधी भीती वाटली नाही. ती सांगून येते ना!"

मी म्हटलं, "घुंगरं आहेत म्हणून."

 दोघींना एकच गोष्ट सुचली होती.

गावी आमच्या घरी आता बैल नव्हते. पण त्यांच्या घुंगुरमाळा पडवीतल्या खुंटीला होत्या, ते मला पक्कं ठाऊक होतं. काशीरामचं गाव आमच्या गावाशेजारचं, आणि तो म्हाळासाठी चालला होता. मी त्याला बाबांसाठी निरोप दिला.

"घुंगरां?" काशीराम मालवणीत म्हणाला. "गो बाय, हय बैल खंय आसत?"

"आहेत. खाणीत आहेत. सहा चाकांचे."

तो मान हलवत गेला. पण परत आला तेव्हा त्याच्या पिशवीतून फणसपोळीच्या खाली छुमछुम आवाज येत होता. बाबांनी सगळ्या माळा चिंचेनं घासून पाठवल्या होत्या, आणि निरोपही: पवळ्या बैलाची माळ नीट जपा, तिचा आवाज गोड आहे.

माळा पुऱ्या पडणार नव्हत्या. मग मुलींनी आपापल्या घरून आणलं. कोणी नाचाच्या क्लासचे चाळ, कोणी घाटकोपरच्या बाजारातून पितळी घंटा. आम्ही ते सगळं सोडवून पुन्हा जाड सुतळीत ओवलं. जयंती एकेक घुंगरू कानाशी हलवून बघे आणि बद्द वाजणारं बाजूला काढी.

कोणत्या दिवशी बांधायचं, हे ठरवायला मात्र बोलावं लागलं नाही. खंडेनवमीला ट्रक धुतले जातात, दसऱ्याला झेंडूच्या माळा चढतात. त्या दिवशी हौसेनं गाडीला बांधलेली वस्तू ड्रायव्हर सहसा सोडत नाही. त्याला कसंतरीच वाटतं.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही सातविणीखाली आरतीचं तबक घेऊन उभ्या राहिलो. खाण अर्धा दिवस चालू होती. पहिला ट्रक थांबला.

"काय ताई, वर्गणी का?"

"नाही. तुमच्या गाडीला दागिना आणलाय."

ड्रायव्हर हसत सुटला. "ट्रकला पैंजण! अरे, नवरी करून टाकली माझ्या गाडीची!"

"तर काय! म्हणजे येताना कळेल तरी," एक मुलगी म्हणाली. "नाहीतर चोरासारखे येता."

"बांधा, बांधा. खाणीत सगळे माझी मापं काढणार, पण बांधा."

कुंकू लावलं, माळ बांधली, हातावर साखर ठेवली. मागचे ट्रक हॉर्न न वाजवता रांगेत थांबले होते. कोणी कुरकुरला, कोणी लाजला, एकानं तर आपल्या गाडीला दोन माळा मागून घेतल्या. काशीराम मध्ये उभा राहून मिरवणूक चालवल्यासारखे हात करत होता.

शेवटी भीमराज आला. त्याच्या गाडीला झेंडूची माळ होती, पण ती मालकानं घातलेली. तो खाली उतरला. त्यानं स्वच्छ पांढरा सदरा घातला होता.

माझ्या हातातलं तबक बघून म्हणाला, "ताई, मी बौद्ध आहे. आज आमचाही मोठा दिवस, पण कुंकू, आरती मी नाही करत. राग मानू नका."

मी तबक खाली घेतलं. आता काय, असं होऊन आम्ही एकमेकींकडे पाहिलं. जयंतीच पुढं झाली. "पूजा राहू द्या. घुंगरं चालतील का?"

"त्यासाठीच थांबलोय. पण ह्या ताईनं स्वतः बांधायची." आणि त्यानं तिला बंपरची जागा सांगितली. "इथं उजव्या हाताला. हां. इथं ती ठोकर बसली होती झाडाची."

जयंतीनं पत्र्यावरून हात फिरवला. तो दबलेला खड्डा तिच्या बोटांना लागला. ती तिथंच थोडा वेळ थांबली, आणि मग पवळ्याची माळ तिनं त्याच जागेवर बांधली. भीमराजनं आपल्या हातानं सुतळीला आणखी एक गाठ मारली.

त्या दिवसापासून डोंगर वाजायला लागला. तुम्हाला खोटं वाटेल, पण दिवाळीपर्यंतचे ते दिवस मी आयुष्यात विसरले नाही. पांढरी धूळ, सातविणीचा वास, आणि वळणाआडून न दिसणाऱ्या गुरांचे कळप खाली उतरत असल्यासारखी घुंगरं. ग्रंथालयात वाचणारी मुलं मान वर करून बघत. खिडकीत बसलेल्या एखाद्या प्राध्यापकाचा हात लिहिता लिहिता थांबे. तक्रार कोणी केली नाही. घुंगरांवर बोर्ड नव्हता.

जयंती रोज उभी राही. माळेमाळेचा आवाज वेगळा. ती सांगे, ही चाळांची, ही घाटकोपरची घंटा, हा भीमराज. तरी मनात धाकधूक होतीच. एखादी माळ तुटली तर? एखादा नवाच ट्रक आला तर? मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "म्हणून मी गवत ऐकू येईपर्यंत थांबते. घाई कुठं आहे?"

सुट्टी लागली त्या दिवशी माणिकराव आले. छत्री होतीच. जयंतीची ट्रंक आम्ही भरून वऱ्हांड्यात आणून ठेवली होती. राहायचं की जायचं, ते त्यावर लिहिलेलं नव्हतं. वनमालाबाईही बाहेर आल्या. काशीरामनं पट्टे झाडून ठेवले होते, त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

जयंती सातविणीला पाठ लावून उभी राहिली. नवी काठी हातात. माणिकराव तिच्या मागं चार हातांवर, आणि मला दिसत होतं, त्यांचे ओठ हलत होते.

एक रिकामा ट्रक वर गेला. ती हलली नाही. त्याचा खडखडाट विरतोय तोच वरून घुंगरं आली. ती हलली नाही. भरलेला ट्रक छुमछुमत समोरून गेला, त्याचा वारा तिच्या पदराला लागला. मग सगळं थांबलं. माझ्या कानात माझंच रक्त वाजत होतं. तिला काय ऐकू येत होतं देव जाणे. तिनं काठी टेकली आणि ती चालायला लागली. घाई नाही, बिचकणं नाही. पांढऱ्या उजेडात ती लहान होत गेली आणि पलीकडच्या पायरीला काठी लागल्याचा टक असा आवाज आला.

तिथं ती वळली. "बाबा! आता तुम्ही या."

माणिकरावांनी डोळे पुसले. रस्ता डावीकडे मोकळा, उजवीकडे मोकळा. त्यांनी एक पाऊल खाली टाकलं.

"थांबा!"

पाय तसाच राहिला. "अगं, कुणी नाहीये. मला दिसतंय."

"येतोय एक. वळणामागे आहे. थांबा तिथंच."

माणिकरावांनी पाऊल मागं घेतलं. आम्ही सगळेच मान वळवून वळणाकडे बघत राहिलो. तिथं फक्त झाडी होती आणि झाडीवर धूळ. मग फार लांबून, पाण्याखालून आल्यासारखी, घुंगरं ऐकू आली. मग मोठी झाली. मग झाडीतून ट्रकचं तोंड बाहेर आलं, बंपरवर उजव्या हाताला पितळेचा झुबका.

भीमराजनं पट्ट्यांच्या अलीकडे गाडी उभी केली. माळ एकदा जोरात वाजली आणि गप्प झाली. त्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"या की, काका."

पण माणिकराव त्याच्याकडे बघतच नव्हते. ते पलीकडे बघत होते. छत्री काखेत मारून, शाळेत जाणाऱ्या मुलासारखे उभे होते.

"येऊ का गं?" त्यांनी विचारलं.

जयंतीनं मान कलती केली. आम्हाला कुणालाच न ऐकू येणारं काहीतरी ऐकलं.

"या," ती म्हणाली.

ते पट्ट्यांवरून पलीकडे गेले. तिच्यापाशी पोचले तेव्हा त्यांनी तिचा हात धरला नाही, नुसते तिच्याशेजारी उभे राहिले. भीमराजनं गाडी सोडली आणि पवळ्याची माळ उतारावरून खाली खाली वाजत गेली, फाटकाबाहेर, मुलुंडच्या बाजाराकडे. ट्रंक मी पुन्हा वर खोलीत नेली. जड होती, पण जिना चढताना मला ती जाणवली नाही.